सुट्टीला म्हणून नेऊ नका

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ३७ वर्षांच्या, पुण्यात राहतात. तीन वर्षांपूर्वी परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याकडे असते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी बाबा तिला नेतात, रविवारी संध्याकाळी आणून सोडतात. दिवाळीची आणि उन्हाळ्याची निम्मी सुट्टीही त्यांच्याकडे. हे सगळं कोर्टात दिलेल्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये, लिहिलेलं आहे. लेखिकांचं माहेर नागपूरचं. वडील ७१ वर्षांचे, गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. तिथल्या मिहान या उद्योग-वसाहतीतल्या एका कंपनीत आताच्यापेक्षा बऱ्या पगाराची नोकरी चालून आली आहे. पुण्यात घरभाडं, पाळणाघर आणि रिक्षाकाका यांतच पगार संपतो, आणि संध्याकाळी सातला घरी आल्यावर बोलायला मोठं माणूस नसतं. भावाचा सल्ला असा, की परीक्षा झाली की सुट्टीला म्हणून नागपूरला जा, तिथल्या शाळेत पाचवीला नाव घाल आणि मग कळव. ‘ताबा माझ्याकडे आहे. महिन्यातून चार दिवस भेटणाऱ्या माणसाची परवानगी कशाला? मुलगी लहान आहे, रुळेल. माझं काही चुकतंय का?’

तुमचं पत्र चार पानांचं आहे. दीड पान नोकरीबद्दल, पाऊण पान वडिलांच्या तब्येतीबद्दल, बराचसा मजकूर ‘समोरची पार्टी’ कशी आहे याबद्दल. (तीन वर्षं झाली, पण कोर्टातला हा शब्द तुमच्या तोंडातून गेलेला नाही. मी त्यांना इथं ‘बाबा’ म्हणणार आहे.) आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, मुलीच्या वेंधळेपणाची तक्रार करता करता, तुम्ही लिहून गेलात: ‘शनिवारी टँकवर पोहायला जायचं म्हणून गॉगल पंधरा पंधरा दिवस दप्तरातच ठेवते. डब्यातलं तेल लागून चिकट झालाय, ओरडले तरी बाहेर काढत नाही.’

तुम्हाला हे वाक्य लिहिताना काही विशेष वाटलं नसावं. मी मात्र तिथंच थांबले. महिन्यातून चार दिवस हा तुमचा हिशेब आहे. तिचा शनिवार सोमवारपासून सुरू होतो आणि दप्तरातून शाळेत जाऊन येतो.

म्हणजे तुम्ही नागपूरला जाऊच नये, असं मी म्हणतेय का? नाही. उलट तुमच्या जाण्यामागची कारणं मला चोख वाटतात. दमलेली आई पुण्यात ठेवून मुलीचं काही भलं होत नाही. आणि एक गोष्ट मला सतत खटकते. उद्या बाबांना बंगळुरूची नोकरी लागली तर त्यांना कुणी ‘मुलीचं काय?’ असं विचारणार नाही. बढती झाली म्हणून पेढे वाटले जातील. हा प्रश्न बाईलाच विचारला जातो, आणि तुम्हीही तो स्वतःला अपराध्यासारखा विचारताय. तो अपराधीपणा सोडा. जायचं की नाही हे तुम्ही जवळपास ठरवलेलंच आहे. अडलंय ते या शनिवाराचं काय करायचं, इथं. त्याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही आणि भावाच्या सल्ल्यात तर अजिबात नाही.

आधी त्या सल्ल्याबद्दलच बोलते. ‘सुट्टीला म्हणून’ हे दोन शब्द कागदावर निरुपद्रवी दिसतात. माझ्याकडे समुपदेशनाला आलेला एक मुलगा होता, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. तिसरीत असताना त्याला असंच मामाकडे नेलं होतं. निघताना त्यानं सायकल जिन्याखाली कुलूप लावून ठेवली आणि किल्ली खिशात टाकली, कारण पंधरा दिवसांनी परत यायचं होतं. परत आलाच नाही. आईचा राग किंवा बाबांचा राग, यातलं काही त्याला नीट सांगता येत नव्हतं. सायकलीबद्दल मात्र तो अर्धा तास बोलला. मामाकडे कुणी ‘कधी जायचं’ हा प्रश्न विचारू द्यायचं नाही, आणि बाबांचा फोन आला की सगळे खोलीत येऊन उभे राहायचे, हेही त्यानं सांगितलं. खोटं तुम्ही बोलाल, पण ते सांभाळायचं काम तिच्यावर येईल. बाबा फोनवर विचारतील, ‘मग, कधी येतेस?’ तेव्हा तिनं तुमच्या चेहऱ्याकडे बघायचं का?

कायद्याचं म्हणाल तर तो तुमच्या भावाला वाटतो तितका सोपा नाही. ताबा आईकडे आला म्हणजे वडिलांचं पालकत्व संपत नाही. कन्सेंट टर्म्स कोर्टानं स्वीकारल्या की तो कोर्टाचा आदेश होतो. शनिवार त्यात लिहिलेला आहे, आणि नागपूरला राहून दुसरा-चौथा शनिवार पाळणं अशक्य आहे हे शाळकरी मुलालाही कळेल. तुम्ही न सांगता गेलात तर बाबा आदेशाच्या अंमलबजावणीसाठी अर्ज करू शकतात, अवमानाचा मुद्दा काढू शकतात आणि वर ताबा बदलून मागू शकतात. तिथं तुमची नोकरी, वडिलांचं आजारपण ही सगळी खरी कारणं मागं पडतील आणि ‘हिनं लपवून मुलगी नेली’ एवढंच पुढं राहील. चांगली केस आपल्या हातानं कशाला बिघडवायची?

चांगली केस म्हणतेय, कारण सरळ दारानं गेलेल्या आयांना न्यायालयांनी परवानगी दिलेली आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याचे आणि भेटीचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलून घेता येतात. २०१० मध्ये विक्रम वीर वोहरा विरुद्ध शालिनी भल्ला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ दिलं. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो, असाच त्या निकालाचा रोख होता. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी एका नोकरदार आईला नऊ वर्षांच्या मुलीसह पोलंडला जायची परवानगी दिली. कौटुंबिक न्यायालयानं ती नाकारली होती. मूल की करिअर, यातलं एक निवड असं आईला म्हणता येणार नाही, ही उच्च न्यायालयाची भूमिका होती. पण त्याच आदेशात मुलीला सुट्ट्यांमध्ये भारतात आणून वडिलांना भेटवायचं बंधनही होतं. ऑस्ट्रेलिया आणि पोलंडला जाता येतं तर नागपूर राज्यातच आहे! प्रत्येक मुलाची परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे निकालाची हमी कुणी देऊ शकत नाही. तुमच्या वकिलांना मात्र हे दोन निकाल जरूर दाखवा.

आता ‘रुळेल’ या शब्दाकडे येऊ. मुलं रुळतात, खरं आहे. पण ती रुळतात म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं नव्हे. काही मुलं शहाणी होतात, म्हणजे मोठ्यांना त्रास होईल ते विचारायचं बंद करतात. अशा मुलांचं घरात फार कौतुक होतं, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. शिवाय तुमच्या मनातलं नागपूर तुमचं आहे. अंगणातला कूलर, संत्र्यांचे पेटारे, मैत्रिणींबरोबर सीताबर्डीला फिरणं. तिच्यासाठी ते आजोळ आहे, जिथं सुट्टीत लाड होतात. आजोळ आणि शाळेचं गाव यांत फरक असतो. तिथं वर्गात मुलं मधल्या सुट्टीत सरसकट हिंदीत बोलतील आणि तिच्या ‘पुणेरी’ मराठीला हसतील. त्यात रडण्यासारखं काही नाही, पण पहिले सहा महिने ती कुणाला तरी फोन लावू पाहील. तो कुणीतरी बाबाच असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरं, तुमच्या आईवडिलांना तुम्ही स्पष्ट विचारलंय का? पत्रात ‘आईबाबा बघतीलच’ असं आहे. बायपास झालेले ७१ वर्षांचे गृहस्थ आणि त्यांची सेवा करणारी तुमची आई. शाळा सुटल्यापासून तुम्ही मिहानहून घरी येईपर्यंतचे तास कुणाच्या अंगावर पडणार? तुम्ही त्यांचा आधार व्हायला निघालात आणि त्यांनाच नवं काम देऊन बसलात, असं होऊ देऊ नका. पाळणाघराचा खर्च नागपुरातही धरा. तो धरूनही हिशेब जमत असेल तर नोकरी खरंच चांगली आहे.

आणि एका व्यक्तीचा उल्लेख तुम्ही कंसात केलाय: ‘(माजी सासूबाई तशा चांगल्या आहेत.)’ मुलीसाठी त्या माजी नाहीत, आजी आहेत. शनिवारी रात्री तिच्या डोक्याला तेल लावून देतात असं तुम्हीच लिहिलंय. नागपूरला गेल्यावर तिथली आजी मिळेल हे खरं, पण एक आजी मिळाली म्हणून दुसरी वजा होत नाही.

मग करायचं काय? बाबांशी बोला, आणि शाळेत अर्ज टाकण्याआधी, घरमालकाला नोटीस देण्याआधी बोला. रात्री साडेअकराचा व्हॉट्सॲप मेसेज याला बोलणं म्हणत नाहीत. रविवारी दारात मुलगी सोडताना तर मुळीच नको. समोरासमोर, तासभर, मुलगी नसताना, आणि जमलं तर दोघांचंही ऐकेल असं एखादं तिसरं माणूस बरोबर घेऊन. भाऊ नको! बोलताना ‘मी जातेय’ किंवा ‘मी जाऊ का’ यांपैकी काहीही म्हणू नका. ‘मला ही नोकरी घ्यायची आहे, आणि तुमचे दिवस कसे टिकवायचे याचा मी हा आराखडा आणलाय’ असं म्हणून कागद पुढं करा. नंतर ठरलेलं ईमेलवर लिहून पाठवा.

तो कागद कसा असावा, ते आकड्यांनी दाखवते. आता बाबांकडे वर्षाला साधारण २४ शनिवार-रविवार, म्हणजे ४८ दिवस. दिवाळीचे ८ आणि उन्हाळ्याचे २० धरले तर ७६. नागपूरला गेल्यावर उन्हाळ्याचे ३०, दिवाळीची सुट्टी जवळजवळ पूर्ण म्हणजे १२, नाताळाचे ५, आणि वर्षातले नऊ महिने दर महिन्याला एक शनिवार-रविवार बाबांनी नागपुरात येऊन, म्हणजे १८. बेरीज ६५. अकरा दिवसांची तूट राहते. ती लपवू नका, जोडून येणाऱ्या सुट्ट्यांतून भरायचा प्रयत्न करा. दिवाळी पूर्ण देणं तुमच्या आईवडिलांना जड जाईल हे मला ठाऊक आहे. मग एक वर्ष इथं, एक वर्ष तिथं असं करा, पण जे कराल ते लिहून.

आकडे जुळले तरी मुलांचा हिशेब वेगळा असतो. आठ दिवसांची सलग भेट आणि चार वेळा दोन-दोन दिवस, हे बेरजेत सारखं आहे, मुलीच्या आठवड्यात नाही. म्हणून ती महिन्याची नागपूर-फेरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाबा आले की कुठं राहणार? तुमच्या घरी नाही, हे उघड आहे. हॉटेलच्या खोलीत दोन दिवस नऊ वर्षांच्या मुलीचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही, मग मॉल आणि पिझ्झा. त्यापेक्षा तिच्यासाठी तिथला पोहण्याचा तलाव आधीच शोधून ठेवा आणि बाबांना सांगा. ही गोष्ट तुम्ही स्वतः होऊन केलीत तर त्यांच्या रागाची धार अर्धी कमी होईल, असा माझा अंदाज आहे.

प्रवासाचं वास्तव आताच बघून घ्या. ऑगस्ट २०२५ पासून पुणे–अजनी (नागपूर) वंदे भारत सुरू झाली आहे. ८८१ किलोमीटर, बारा तास, बसून. सुट्टीला ठीक आहे, दर पंधरवड्याला नऊ वर्षांच्या मुलीनं करायचा हा प्रवास नाही. रेल्वेत पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ किंवा आसन हवं असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं, अर्धं तिकीट धरून हिशेब करू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या पाहता पाहता भरतात, म्हणून तारखा दोन महिने आधी पक्क्या झाल्याच पाहिजेत. ‘बघू नंतर’ म्हटलं की भेट बुडते आणि भांडण वेटिंग लिस्टवरून सुरू होतं. काही विमान कंपन्या पाच वर्षांवरच्या मुलांना जादा शुल्क घेऊन एकटं नेतात, पण पहिलं वर्ष तरी कुणी मोठं बरोबर असू द्या. आणखी एक बारीक गोष्ट: विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा साधारण आठवडाभर उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तो आठवडा बाबांना देऊन टाका. सीबीएसईची शाळा घेतलीत तर सुट्ट्यांचं वेळापत्रक वेगळंच असेल, ते प्रवेशाआधी मागून घ्या.

खर्च कुणी करायचा? माझं मत तुम्हाला आवडणार नाही. अंतर तुम्ही वाढवताय, पगारही तुमचा वाढतोय, तर पहिली दोन वर्षं मुलीच्या तिकिटांचा मोठा वाटा तुम्ही उचला. बाबांनी स्वतःच्या फेऱ्यांचा खर्च करावा. पोटगी मात्र या वाटाघाटीत अजिबात आणू नका. ‘मी येण्याजाण्याचा खर्च करतो, तर पोटगी कमी’ किंवा ‘पोटगी उशिरा येते, तर भेट नाही’ हे दोन्ही व्यवहार मुलीच्या जिवावर होतात. पोटगी थकली तर तिचा अर्ज वेगळा.

व्हिडिओ कॉलबद्दल लोक फार भाबडे असतात. नऊ वर्षांचं मूल फोनवर ‘जेवलीस का’, ‘हो’, ‘शाळा कशी’, ‘बरी’ याच्या पुढं जात नाही, आणि चार महिन्यांत फोन आला की पळ काढतं. त्याऐवजी काहीतरी काम ठेवा. मंगळवार आणि गुरुवारचं गणित बाबांबरोबर, किंवा झोपताना पुस्तकाची दहा पानं बाबांनी वाचायची. त्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका. पोळ्या लाटत लाटत एक कान तिकडे असतो ते मुलांना लगेच कळतं.

बाबा ‘नाही’ म्हणाले तर? पहिल्या दिवशी म्हणतीलच, तो नकार अंतिम धरू नका. महिनाभर द्या. नाहीच जमलं तर ज्या न्यायालयानं तुमचा हुकूमनामा दिला तिथं टर्म्स बदलून मिळण्यासाठी अर्ज करा, मध्यस्थी मागा. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि कोर्टाचं कॅलेंडर त्याला बांधील नसतं, म्हणून अर्ज लवकर हवा. नोकरीवाल्यांना रुजू व्हायची तारीख पुढं ढकलता येईल का, किंवा पहिले काही महिने पुण्यातून काम करता येईल का, हे आज विचारा. न्यायालयातले समुपदेशक मुलीशी बोलतील. तिला पढवू नका. आणि घरी ‘तुला आईकडे राहायचंय ना?’ हा प्रश्न कधीही विचारू नका, त्याचं उत्तर देताना ती कुणाला तरी सोडत असते. ‘नागपूरला राहायला गेलो तर इथलं काय काय न्यायला हवं?’ असं विचारा आणि जे सांगेल ते लिहून घ्या, वस्तू असो की माणूस.

अशाच परिस्थितीत परदेशी निघालेल्या किंवा परदेशातून परत यायच्या विचारात असलेल्या वाचकांसाठी दोनच गोष्टी. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. ती नसेल तर वेगळं प्रतिज्ञापत्र किंवा न्यायालयाचा आदेश, आणि त्यात वेळ जातो. आणि मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, अमेरिका आणि कॅनडा आहेत. तिथून ‘आजीला भेटायला’ म्हणून मूल इथं आणून ठेवणं म्हणजे दोन देशांत दोन खटले ओढवून घेणं. तिकीट काढण्याआधी दोन्हीकडच्या वकिलांशी बोला.

आणि हे सदर वाचणाऱ्या बाबांना: असा कागद घेऊन ती समोर आली तर पहिल्या वाक्याला ‘बघून घेईन’ म्हणू नका. न सांगता गेली असती, तर काय झालं असतं याचा विचार करा. तुमच्या अटी त्याच कागदावर लिहा. तुम्हीही कधी गाव सोडलं तर काय, याचं कलमही त्यात घाला, दोघांना सारखंच लागू होईल असं.

तुम्ही पत्रात लिहिलंय की घरमालकाला या दहा तारखेला नोटीस द्यायची आहे. ती पुढच्या महिन्यावर टाका. येता शनिवार दुसरा आहे. रविवारी संध्याकाळी बाबा मुलीला सोडायला आले की एवढंच म्हणा, ‘या आठवड्यात तासभर वेळ काढाल का, महत्त्वाचं बोलायचंय.’ बाकीचं सगळं त्या तासासाठी राखून ठेवा. आणि तेवढं ते गॉगलला लागलेलं तेल कोमट पाण्यानं धुऊन द्या तिला.